खेळ एकाचा, अटी दुसऱ्याच्या

गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या खर्चाच्या यादीत एका नव्या बाबीची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी बारावी पार करते, इंजिनीअरिंगला किंवा ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो आणि पाठोपाठ घरात संगणकाचे कोटेशन येते. त्यातले प्रोसेसर, हार्ड डिस्क, मॉनिटर हे शब्द आता आईवडिलांनाही परके राहिलेले नाहीत. परंतु एका ओळीपाशी त्यांची नजर अडते. ती ओळ ग्राफिक्स कार्डाची असते आणि तिच्यापुढचा आकडा पुष्कळदा उरलेल्या सगळ्या संगणकाच्या बरोबरीचा असतो. 'हे कशाला?' या प्रश्नाला 'अभ्यासाला' असे उत्तर मिळते. ते अगदीच खोटे नसते, पण पुरते खरेही नसते. पुरते खरे उत्तर म्हणजे एखाद्या खेळाचे नाव.

हा प्रश्न बापलेकांनी आपसात मिटवावा, त्यावर रविवारच्या पुरवणीत लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्या वस्तूची निवड हे घर करू पाहते आहे, ती वस्तू बनवणारी एनव्हिडिया ही कंपनी ऑक्टोबर २०२५ मध्ये पाच लाख कोटी डॉलर बाजारमूल्याचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली कंपनी ठरली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या बड्या कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रूशल' हा आपला विभाग बंद करण्याचे जाहीर केले. कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून येणारी मागणीच पुरी करायची होती. जगाच्या अर्थकारणाची ही झळ डोंबिवलीच्या दोन खोल्यांतल्या कोटेशनपर्यंत येऊन पोचते. म्हणून हा विषय घरगुती राहत नाही.

आधी एक खुलासा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली. तेव्हापासून 'गेम' म्हटले की काही पालकांच्या डोळ्यांसमोर जुगारच उभा राहतो. येथे त्या खेळांचा संबंध नाही. पुस्तकासारखे किंवा चित्रपटासारखे विकत घेऊन घरच्या संगणकावर खेळायचे जे खेळ असतात, त्यांच्याविषयी आपण बोलत आहोत.

ग्राफिक्स कार्ड नेमके काय करते? आजचा साधा 'फुल एचडी' पडदा म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६००. खेळातले दृश्य डोळ्याला सलग दिसायचे तर ते सेकंदाला साठदा नव्याने काढावे लागते. म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे, तेही प्रत्येक चित्रामागे १७ मिलिसेकंदांहून कमी वेळात. मुख्य प्रोसेसर हा हुशार, पण मोजक्या हातांचा हेडक्लार्क आहे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकाच नमुन्याची बेरीज एकाच वेळी करणारे हजारो कनिष्ठ कारकून. काम अवघड नसते, अवाढव्य असते. पडदा 'फोर के' घेतला की ठिपके बरोबर चौपट होतात आणि कारकुनांची फौजही त्या मानाने वाढवावी लागते. एवढा एक गुणाकार ध्यानात ठेवला तरी दुकानातले निम्मे गोंधळ टळतात.

खेळ आणि कार्ड यांची जोडी जुळवण्याचा प्रश्न या वस्तूच्या जन्मापासूनचा आहे. १९९६ साली थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीचे 'वूडू' कार्ड आले. त्याची 'ग्लाइड' नावाची स्वतःची भाषा होती. त्या भाषेत लिहिलेला खेळ त्याच कंपनीच्या कार्डावर चाले, दुसऱ्याच्या नाही. मायक्रोसॉफ्टने त्याच सुमारास 'डायरेक्ट थ्रीडी' ही सर्वांना सामायिक अशी भाषा पुढे आणली आणि हळूहळू तिचे राज्य सुरू झाले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली. भाषा सामायिक झाली म्हणजे भांडण मिटले, असे तेव्हा वाटले असेल. ते मिटले नाही, त्याने रूप तेवढे बदलले. भाषा एकच राहिली. पण दर काही वर्षांनी तिच्यात नवे शब्द येतात, आणि ते शब्द ज्या कार्डाला उमगत नाहीत ते कितीही बलवान असले तरी दाराबाहेर राहते.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा खेळ. प्रकाशाचा किरण कोठून निघून कोठे आपटतो याचा हिशेब, म्हणजे 'रे ट्रेसिंग', कार्डाने स्वतःच्या अंगभूत यंत्रणेने केलाच पाहिजे, अशी या खेळाची अट आहे. मार्च २०१७ मध्ये ६९९ डॉलरना निघालेले 'जीटीएक्स १०८० टीआय' हे आपल्या काळचे बलदंड कार्ड. त्याला ११ जीबी मेमरी आहे. पण ती यंत्रणा त्याच्यात नाही, म्हणून ते या खेळाच्या यादीत बसत नाही. २०१९ साली ३९९ डॉलरना आलेले 'आरटीएक्स २०६० सुपर' आठच जीबीचे, पण ते बसते. मे २०२५ मधल्या 'डूम : द डार्क एजेस' या खेळानेही हीच अट घातली. ज्यांनी बँकेत शेतीकर्जाचे टेबल सांभाळले आहे त्यांना हा प्रकार चटकन कळेल. वीस एकर जमीन आहे, पण सातबाऱ्यावर नाव नाही; अशा माणसाचा अर्ज परत जातो, आणि दोन एकरांचा कागदपत्रे चोख असलेला शेतकरी कर्ज घेऊन जातो. ताकद आणि पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात चर्चा होते ती फक्त ताकदीची.

दुसरा गोंधळ नावांचा. ही नावे ग्राहकाला समजावीत म्हणून ठेवली जातात की समजू नयेत म्हणून, अशी शंका यावी इतपत तो आहे. २०१६ मधले 'जीटीएक्स १०६०' तीन जीबीचे आणि सहा जीबीचे असे दोन प्रकारांत आले. फरक केवळ मेमरीचा असेल अशी कोणाचीही समजूत व्हावी. प्रत्यक्षात तीन जीबीच्या कार्डात गणित करणारे घटकही कमी होते, १२८० ऐवजी ११५२. २०२२ मध्ये 'आरटीएक्स ४०८०' बाबत हेच घडू लागले तेव्हा इतकी ओरड झाली, की १२ जीबीचे जाहीर केलेले कार्ड कंपनीने बाजारात येण्यापूर्वीच मागे घेतले. लॅपटॉपची तऱ्हा तर आणखी निराळी. लॅपटॉपमधला 'आरटीएक्स ४०९०' आणि टेबलावरच्या संगणकातला 'आरटीएक्स ४०९०' यांत नाव सोडले तर चिप वेगळी आणि मेमरीही वेगळी, एकात १६ जीबी तर दुसऱ्यात २४. लॅपटॉपमधला 'आरटीएक्स ४०६०' हा बनवणाऱ्याच्या मर्जीनुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवलेला असू शकतो. खोक्यावर नाव एकच. आणि लॅपटॉपमधले कार्ड पुढे बदलताही येत नाही.

नावानंतर येते ती अटींची यादी. प्रत्येक खेळाच्या विक्रीच्या पानावर 'किमान' आणि 'शिफारस केलेली' अशा दोन रकान्यांत ती दिलेली असते. पण किमान म्हणजे काय? कोणत्या पडद्यावर, सेकंदाला किती चित्रे, चित्राचा दर्जा कोणता? पुष्कळ याद्या याविषयी मौन पाळतात. जे सांगतात त्यांचा बारीक मजकूर वाचावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' या खेळाच्या शिफारशीच्या रकान्यात सेकंदाला साठ चित्रांचे आश्वासन होते, परंतु ते 'फ्रेम जनरेशन' चालू ठेवल्यास. म्हणजे खेळाने खरोखर काढलेल्या दोन चित्रांच्या मध्ये एक चित्र अंदाजाने रचून घालायचे आणि बेरीज साठ दाखवायची. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी व्यासपीठावरून सांगितले, की ५४९ डॉलरचे नवे 'आरटीएक्स ५०७०' कार्ड १५९९ डॉलरना निघालेल्या 'आरटीएक्स ४०९०' ची कामगिरी देईल. त्याही दाव्याचा आधार असाच, कृत्रिम बुद्धिमत्तेने मधली चित्रे भरण्याचा होता. ही युक्ती निरुपयोगी आहे असे नव्हे. डोळ्याला चित्र खरोखरच अधिक सुरळीत दिसते. पण बटण दाबल्यावर खेळाने प्रतिसाद किती लवकर द्यावा, हे खऱ्या चित्रांवर ठरते, भरलेल्या चित्रांवर नाही. येणे रक्कम हातातली रोकड म्हणून दाखवली तर ताळेबंद देखणा दिसतो, पण पगाराच्या दिवशी त्या आकड्यातून पगार वाटता येत नाहीत.

कागदावरचे आणि प्रत्यक्षातले यांतल्या फरकाची किंमत एकदा कंपनीला मोजावी लागली आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेले 'जीटीएक्स ९७०' चार जीबीचे म्हणून विकले गेले. जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले, की त्यातला साडेतीन जीबीचा भाग वेगवान आणि उरलेला अर्धा जीबी फारच मंद आहे. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला आणि २०१६ मध्ये प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. आपल्याकडच्या ग्राहकाच्या हाती त्यातले काही लागले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बँकेत कोणत्याही व्यवसायाचा अर्ज आला की पहिला प्रश्न असे, याचे गिऱ्हाईक कोण? एनव्हिडियाच्या जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षाच्या ताळेबंदात एकूण विक्री सुमारे २६.९ अब्ज डॉलर होती आणि त्यातली १२.५ अब्ज खेळांसाठीच्या विभागाची होती. शंभर डॉलरमधले ४६ खेळणाऱ्यांच्या खिशातून येत होते. तोच सर्वांत मोठा विभाग होता. तीन वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण विक्री १३०.५ अब्ज झाली आणि खेळांचा वाटा सुमारे ११.४ अब्ज. म्हणजे शंभरातले नऊसुद्धा नाहीत. डेटा सेंटरांचा वाटा मात्र ११५ अब्ज.

यातला उपरोध असा, की डेटा सेंटरांचा हा डोलारा खेळणाऱ्यांनी घेतलेल्या कार्डांवरच उभा राहिला. २०१२ साली टोरांटो विद्यापीठात ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखणारे जे जाळे शिकवून तयार केले आणि ज्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाला नवे वळण दिले, ते खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या 'जीटीएक्स ५८०' या दोन कार्डांवर. ज्या गिऱ्हाइकाच्या उधारी-रोखीवर दुकान मोठे झाले, तेच आता रांगेत मागे उभे आहे. याआधी २०२०-२१ मध्ये आभासी चलनाच्या खाणकामाने कार्डे बाजारातून गायब केली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी 'इथेरियम' ने आपली पद्धत बदलली तेव्हा ते खाणकाम थांबले आणि वापरलेल्या कार्डांचा लोंढा बाजारात आला. तो प्रतिस्पर्धी गेला, पण हा दुसरा त्याहून कितीतरी धनवान आहे. मेमरीच्या एकाच कारखान्याच्या दाराशी एकीकडे अब्जावधींच्या मागण्या घेऊन आलेल्या कंपन्या आणि दुसरीकडे आठ जीबी की सोळा जीबी याचा विचार करणारा विद्यार्थी, असे हे चित्र आहे. एप्रिल २०२५ मध्ये 'आरटीएक्स ५०६० टीआय' जाहीर झाले तेव्हा आठ जीबीच्या कार्डाची किंमत ३७९ डॉलर आणि सोळाच्या कार्डाची ४२९ डॉलर होती. पन्नास डॉलरच्या या फरकावर ते कार्ड किती वर्षे टिकणार हे ठरते, कारण नव्या खेळांना उच्च दर्जावर आठ जीबी अपुरे पडू लागले आहेत.

जुने झालेले कार्ड मोडत नाही, ते अमान्य होते. भारतातल्या असंख्य घरांत आणि गल्लीतल्या गेमिंग कॅफेंत ज्यांनी वर्षानुवर्षे इमानेइतबारे काम केले, त्या 'जीटीएक्स १०५० टीआय' आणि '१०६०' यांच्या पिढीसाठी नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. नऊ वर्षांची सेवा काही कमी नाही, हे मान्य केले पाहिजे. पण उलट दिशेनेही अडचण येते. २०२५ च्या आरंभी आलेल्या 'आरटीएक्स ५०' मालिकेने जुन्या खेळांतली ३२ बिट 'फिजएक्स' ही सोय काढून टाकली आणि जगातली सर्वांत महागडी कार्डे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या काही खेळांत अडखळू लागली. नवे म्हणजे सगळ्याच बाबतीत अधिक चांगले, हा समज इथेही टिकत नाही.

मग निवड करायची कशी? मध्यंतरी भाच्याबरोबर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाणे झाले. दुकानातल्या तरुणाने नेहमीप्रमाणे विचारले, ''बजेट किती आहे काका?'' मी म्हटले, ''बजेट सांगतो, पण आधी याला कोणता खेळ खेळायचाय ते विचारा.'' भाच्याने तीन नावे सांगितली. त्या तरुणाचा सूरच बदलला. ''मॉनिटर कुठला? सप्लाय किती वॅटचा? कॅबिनेट केवढं आहे?'' फुल एचडी मॉनिटर आहे म्हटल्यावर त्याने हातातले महागडे खोके परत फळीवर ठेवले. ''याच्यात पैसे घालू नका काका. उरतील त्यातून सप्लाय चांगला घ्या.'' विक्रेता चांगलाच होता, त्याला योग्य प्रश्न मिळायला हवा होता, एवढेच.

क्रम असा असावा. आधी खेळ, मग पडदा, मग कार्ड आणि शेवटी किंमत. खेळाच्या यादीतला किमान नव्हे, तर शिफारशीचा रकाना पाहावा आणि त्यात फ्रेम जनरेशनचा आधार घेतला आहे का तेही वाचावे. एखादे अंगभूत वैशिष्ट्य सक्तीचे आहे का, हे त्यानंतर. मग घरातल्या जुन्या यंत्राची तपासणी. 'आरटीएक्स ४०६०' स्वतः ११५ वॅट घेते आणि एकूण ५५० वॅटचा पॉवर सप्लाय मागते. 'आरटीएक्स ५०९०' एकटेच ५७५ वॅट, म्हणजे सात-आठ जुन्या छतपंख्यांइतकी वीज खाते. जोडणीच्या मार्गाची रुंदीही पाहावी लागते. जानेवारी २०२२ मधले 'आरएक्स ६५०० एक्सटी' हे एएमडीचे स्वस्त कार्ड अरुंद मार्गाचे होते, त्यामुळे ते जुन्या मदरबोर्डावर आणखी मंदावे. आणि स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना मदरबोर्ड असण्याचा संभव अधिक. प्रोसेसर जुनाट असेल तर महाग कार्ड रिकाम्या हाताने वाट पाहत बसते. आणि 'स्टीम' वर घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. यादीवर विसंबण्यापेक्षा हा दोन तासांचा प्रत्यक्ष पुरावा मोलाचा.

खेळ बनवणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' हा भारतीय पुराणकथांच्या वळणाचा खेळ काढला, तो आधी निन्टेंडोच्या 'स्विच' या हातात मावणाऱ्या यंत्रावर आणि मग संगणकावर. त्या चिमुकल्या यंत्रावरही त्याची चित्रे लोकांना आवडली. देखणेपण केवळ यंत्राच्या ताकदीतून येत नाही, ते कलावंताच्या नजरेतूनही येते, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

आणि धोरणाचे काय? १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्ज देणाऱ्यांना 'मुख्य तथ्य पत्रक' देणे बंधनकारक केले. व्याज, प्रक्रिया शुल्क, इतर आकार असे सगळे धरून वार्षिक दर एकूण किती पडतो, ते एका कागदावर एकाच नमुन्यात लिहायचे. आकडे तेव्हाही होते, पण प्रत्येक जण आपल्या सोयीने मांडत असे. तुलना अशक्य होती. फ्रिजवरच्या विजेच्या ताऱ्यांनी हेच काम केले. खेळांच्या अटींना असा नमुना कोठेही नाही. ठरावीक पडद्यावर, ठरावीक दर्जावर, अंदाजाने भरलेली चित्रे वगळून सेकंदाला किती चित्रे, आणि मेमरी किती, एवढ्या चार आकड्यांचा समान तक्ता विक्रेत्यांवर आणि खेळांच्या कंपन्यांवर बंधनकारक करणे अवघड नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कारवाईची यंत्रणा उभी केली आहे. एकाच नावाने दोन निराळ्या वस्तू विकणे हे त्या कक्षेत का येऊ नये, याचा विचार ग्राहक संघटनांनी करायला हरकत नाही.

तोवर ग्राहकाच्या हाती एकच शस्त्र उरते, ते म्हणजे थांबण्याचे. दोन वर्षांपूर्वीचा उत्तम खेळ आज कमी किमतीत, बहुतेक चुका दुरुस्त होऊन मिळतो आणि बेताच्या कार्डावर चालतो. २०२३ मधला 'ॲलन वेक २' जुन्या कार्डांवर आरंभी फारच रखडत होता. मार्च २०२४ च्या सुधारणेनंतर तो पुष्कळ सुसह्य झाला. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात घाईने नवे कार्ड घेतले, त्यांनी त्या काही महिन्यांची किंमत भरली. कर्ज घेताना जसे हप्ता परवडतो का एवढेच न पाहता गरज आजची आहे का हेही पाहावे, तसेच इथे. मुलाने कोटेशन पुढे ठेवले तर त्याला रागावू नये आणि डोळे मिटून सहीही करू नये. त्याला शेजारी बसवून खेळाचे नाव विचारावे आणि त्या खेळाच्या अटी दोघांनी मिळून शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. अटी वाचून व्यवहार करण्याची सवय त्याला पुढे घर घेतानाही उपयोगी पडेल.